आग सोडून बाकी सगळं

"आग सोडून बाकी सगळं काढ," असं म्हणून रूथ सिस्टरांनी चादरीत गुंडाळलेलं एक धूड माझ्या काउंटरवर ठेवलं.

वर्ध्याजवळ सावंगीला मेडिकल कॉलेजसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मेडिकलची पोरं, पेशंटचे नातेवाईक, आधार कार्डं, लग्नाचे बायोडाटा. लोक काय घेऊन येतील याचं मला नवल वाटेनासं झालं आहे. एकानं तर जावयाच्या मोडक्या पायाचा एक्स-रे आणून "याचा रंगीत झेरॉक्स काढा" म्हटलं होतं. पण आग सोडून झेरॉक्स काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

चादर सुटली. आत एक जाडजूड जुनं पुस्तक निघालं. पुठ्ठा नाही, पुढची मागची पानं वाळवीनं फस्त केलेली, त्यामुळे नाव काय, कोणी छापलं, कशाचाच पत्ता नाही. सिस्टरांनी कडुनिंबाचा वाळका पाला खुणेला ठेवला होता तिथं ते उघडलं. लाकडाच्या ठशानं छापलेलं काळ्या रेघांचं चित्र होतं. एक दाढीवाला माणूस खांबाला साखळीनं बांधलेला. पायाशी मोळ्या रचलेल्या. कमरेपर्यंत ज्वाळा. दोन्ही हात वर. बाजूला भालेवाले शिपाई आणि बघायला जमलेली गर्दी. आणि या सगळ्याच्या मध्ये तो माणूस आर्वीच्या एसटीची वाट पाहत उभा असावा इतका शांत.

मला त्या आगीपेक्षा त्याच्या शांतपणाची भीती वाटली.

"सिस्टर, आग सोडली तं उरते काय?"

"माणूस उरते," त्या म्हणाल्या. "थोच पायजे मले."

मी पांढऱ्या कागदाची कात्रणं करून ज्वाळांवर, शिपायांवर, गर्दीवर ठेवली आणि झाकण लावलं. कागद बाहेर आला. पांढऱ्या पानाच्या मधोमध एक माणूस हात वर करून उभा. आग गेली तसा तो जळत होता हेही गेलं होतं. आता वाटत होतं, तो कोणाला तरी हाक मारतो आहे. मी उगाच मागं वळून पाहिलं.

रूथ सिस्टर म्हणजे उंच, सडपातळ, पांढरी सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, बारा महिने छत्री. निवृत्त होऊन जमाना झाला तरी चालणं दवाखान्याच्या व्हरांड्यातलंच. जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती एवढं मला माहीत होतं. कोणत्या वार्डात, हे मी कधी विचारलं नव्हतं. लग्न केलं नाही. भाऊ होता, तो गेला. आता मेडिकलच्या मागच्या गल्लीत भोयरांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायच्या.

त्यांचे नियम होते. पुस्तकाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे. मी धुवायचेच, पण दुकानात त्या वेळी जो उभा असेल त्यानंही धुवायचे. "तुमी खोकून राह्यले, थुंकी उडते," असं त्यांनी एकदा एका मोठ्या डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी निमूट हात धुतले. दुसरा नियम, जळतं काही दिसलं की विझवायचं. सकाळी मी अगरबत्ती लावायचो, ती त्या आल्या आल्या चिमटीत धरून विझवायच्या.

"सिस्टर, लक्ष्मीची आहे थे."

"लक्ष्मीले काय धुराचा शौक आहे का? फूल वाह्य."

शेजारचा चहावाला तर त्या दिसल्या की गॅस बारीक करायचा.

पुस्तकाची हकिगत त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितली. त्यांचे वडील मिशनच्या बंगल्यावर खानसामा होते. शेवटचा साहेब विलायतेला निघाला तेव्हा चांगली भांडी दुसऱ्यांनी नेली, वडिलांच्या वाट्याला हे पुस्तक आलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी पुष्कळ वर्षं ते लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलं. लहानगी रूथ जेवायला कटकट करू लागली की वडील बरणीवरून पुस्तक उचलायचे, एक पान उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "पाह्य, याले विचार भूक काय राह्यते." अजूनही काही पानांना मोहरीचा वास येतो.

एकदा चर्चचे पाळकसाहेब माझ्या दुकानात पत्रिका छापायच्या चौकशीला आले होते, त्यांनी चाळून सांगितलं की हे चार-साडेचारशे वर्षांपूर्वीचे विलायतेतले लोक. पोपचं ऐकायचं सोडलं, आपल्या भाषेत बायबल वाचलं, म्हणून राज्यकर्त्यांनी त्यांना जाळलं. प्रोटेस्टंट हुतात्मे. "यांच्या रक्तावर आपली मंडळी उभी आहे, सिस्टर," पाळकसाहेब म्हणाले.

"रक्त कुठून निघन साहेब," सिस्टर म्हणाल्या. "जळाल्यावर रक्त निघत नाई. पाणी निघते."

पाळकसाहेबांनी पत्रिकेचा विषय दुसऱ्या दिवसावर टाकला.

चौथ्या पाचव्या खेपेला माझ्या लक्षात एक गोष्ट आली. माझ्या मशीनच्या काचेवर एक ओरखडा आहे, त्यामुळे माझ्याकडून निघालेल्या प्रत्येक कागदावर उजव्या कोपऱ्यात एक केसाएवढी रेघ असते. तशीच एक रेघ त्या पुस्तकातल्या माणसाच्या डाव्या दंडावर होती. पान उलटलं, दुसऱ्या नावाचा दुसरा माणूस, दंडावर तीच रेघ. आणखी पुढे, तीच. म्हणजे लाकडाचा ठसा एकच होता. त्याला एकदा चीर गेली आणि मग जितक्यांना तो लावला तितक्यांच्या दंडावर ती चीर उमटली. नावं निराळी, गावं निराळी, जळणारा माणूस एकच.

मी मोठा शोध लावल्यासारखं सिस्टरांना ते दाखवलं.

"मले लहानपणापासून माईत आहे," त्या म्हणाल्या. "बड्या लोकायचे चित्र येगळे आहेत, पाह्य. हा बिशप, याले पूर्ण पान. गरिबाले कोण येगळं चित्र काढून देते? विणकर, सुतार, कोणाची मोलकरीण, सगळ्यायले एकच ठसा. पुन्हा पुन्हा यालेच जाळून राह्यले." मग त्या दंडावरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "याच्यात सगळे मावतात. म्हणून मले हाच लागते."

कोण सगळे, हे मी विचारलं नाही. काही चित्रांत त्या माणसाच्या तोंडातून कागदाची एक पट्टी निघाल्यासारखी दाखवली होती आणि तिच्यावर तो मरताना काय म्हणाला ते छापलं होतं. सिस्टर म्हणाल्या, पट्टी राहू दे, तिच्यावरची अक्षरं पुसून टाक. मी पुसली. त्या कोरी पट्टी तोंडात धरलेला तो माणूस छत्रीच्या दांड्याला गुंडाळून घेऊन जायच्या. असे किती गेले, मी मोजले नाहीत.

मग मे महिन्यात एका दुपारी भोयर आले. भोयर म्हणजे सिस्टरांचे घरमालक. वीज मंडळातून निवृत्त, अंगानं दणकट, आवाज मोठा. त्या दिवशी मात्र खालच्या आवाजात बोलत होते.

"भाऊ, थे चित्र तूच काढून देतं का म्हातारीले?"

"हाव. काऊन?"

"बाजूच्या खोलीतल्या दोन पोरी खोली सोडून गेल्या. म्हणतात, भिंतीतले लोक बोलतात. मी तं भूतखेत मानत नाई. पण भाडेकरू मानतात ना! तू चाल अन् तिले समजाव. भिंतीवरून चित्र उतरव, नाई तं खोली सोड."

संध्याकाळी ऊन कललं तेव्हा आम्ही गेलो. जिना चढेपर्यंत भोयर पुढे होते. दार आलं तसे ते माझ्या मागे झाले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. आणि समोरची अख्खी भिंत त्या माणसानं भरलेली. वरपासून खालपर्यंत, एकाला लागून एक, सगळ्यांचे हात वर. वर्ध्याच्या मे महिन्यात माणूस कूलरसमोरून हलत नाही, पण सिस्टरांचा कूलर भिंतीकडे तोंड करून लावला होता आणि सिस्टर स्वतः कोपऱ्यात घामाघूम बसून पदरानं वारा घेत होत्या. कूलरच्या ओल्या वाऱ्यानं कागद हलत होते. भिंतभर हात हलत होते. खस आणि ओल्या कागदाचा वास होता. आणि खरंच, एक बारीक आवाज येत होता. कागद कागदावर घासल्याचाच असणार.

"ये, बाबू. हात धू," सिस्टर म्हणाल्या.

हात धुऊन मी जवळ गेलो. तोंडातून निघालेल्या पट्ट्यांवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं. विलायतेतल्या त्या दाढीवाल्या माणसाच्या तोंडात लिहिलं होतं, 'म्हशीले पाणी पाजलं का?' मला हसू आलं. त्याच्या शेजारच्याच्या तोंडात होतं, 'बाबाले सांगजो नोको.' त्याच्या खाली, 'लाईट लावा ना कोणी.' त्याच्या खाली, 'स्टो भडकला नव्हता.'

माझं हसू गेलं.

प्रत्येकाच्या पायाशी, जिथं मी कात्रण ठेवून आग झाकली होती तिथं, एकेक नाव होतं. तुळशीराम. सुमन. रेखा. कुंदा. गजानन. पुन्हा एक सुमन.

"सिस्टर, हे कोण?"

"माहे पेशंट," त्या म्हणाल्या. "जळीत वार्डातले. मी तिथंच होती ना पूर्ण नोकरी. वाचले थे घरी गेले. हे राह्यले." वाऱ्यानं उलटलेला एक कागद त्यांनी सरळ केला. "पट्ट्या बांधल्या का सगळे एकसारखे दिसतात. बाईमाणूस, गडीमाणूस, काई समजत नाई. चेहरा तं मी बहुतेकायचा पाह्यलाच नाई. बोलणं तेवढं ध्यानात राह्यलं. आता चेहरा कुठून आणू? म्हणून हाच लावला सगळ्यायले." मग त्या सहज म्हणाल्या, "तुळशीरामची मान काल इकडं होती."

सगळी चित्रं एकाच ठशाची, माझ्याच मशीनमधून निघालेली. प्रत्येकाच्या दंडावर ती चीर आणि कोपऱ्यात माझ्या काचेची रेघ. हे मला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळच्या उजेडात एकही चेहरा दुसऱ्यासारखा दिसेना. तुळशीराम म्हातारा दिसत होता. सुमनला काहीतरी विचारायचं होतं. मी नजर काढून खिडकीबाहेर पाहिलं, तिथं मेडिकलची पोरं स्कूटीवर खिदळत चालली होती, ते बघून बरं वाटलं.

भोयर उंबऱ्यावरूनच म्हणाले, "सिस्टर, हे काई बरं नाई. जून लागला का नवीन पोरी येतीन. त्याच्या आत भिंत मोकळी करा, नाई तं दुसरी खोली पाहा."

सिस्टर त्यांच्यावर रागावल्या नाहीत. भिंतीकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "यायले कुठं नेऊ मी? मेल्यावर यायले कोणी नेलं नाई, म्हणून तं माह्याकडं आहेत."

जिना उतरताना भोयर पुन्हा माझ्या पुढं होते.

जून लागायच्या आतलीच गोष्ट. सिस्टर दुकानात बसल्या होत्या. भिंत मोकळी करायचं त्यांनी नाव काढलं नव्हतं, उलट आणखी एक माणूस काढायला आल्या होत्या. तेवढ्यात एक चाळिशीची बाई कागदांची पिशवी घेऊन आली. देवळीकडची होती, सासू मेडिकलमध्ये भरती, राशन कार्डाच्या झेरॉक्स पाहिजे होत्या. गळ्यापासून कानापर्यंत तिची कातडी सुकलेल्या ओढ्यासारखी आक्रसलेली होती. सवयीनं ती पदर तिथंच धरून उभी होती. तिनं कार्ड पुढं केलं.

सिस्टरांनी तो हात मनगटाशी धरला.

"मूठ कर पाहू."

बाई दचकली. पण सिस्टरांच्या आवाजात असं काही होतं की तिनं मूठ केली. हातावर जळाल्याचे डाग होते, पण पाचही बोटं सुटी, सरळ.

"उघड. बोटं फाक." सिस्टरांनी एकेक बोट चाचपलं. "एकेका बोटाले येगळी पट्टी बांधलीती मी. रोज. डॉक्टर म्हणे, इतका येळ कायले लावता, ही काई वाचत नाई. बोटं एकमेकाले चिकटली असती तं... तू कुंदा."

बाईनं सिस्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमी सिस्टर का जी?"

"तू तं मेली होतीस!"

दुकानात आणखी दोघं होते, ते मागं सरकले.

"नाई जी," कुंदाबाई घाबरून म्हणाली, जणू हा तिचाच गुन्हा. "मी कायले मरतो? मी तं नागपूरले गेलती. माह्या भावानं गाडी करून नेलतं. तुमची सुट्टी होती त्या दिवशी."

सिस्टर स्टुलावर बसल्या. "मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आली. खाट रिकामी. आयाबाईले विचारलं. थे म्हणे, कुंदा गेली." "'गेली' म्हणे! कुठं गेली थे नाई सांगितलं, अन् मीनं विचारलं नाई. त्या वार्डात गेली म्हणजे एकच."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्या दोघींसोबत निघालो. सिस्टरांनी कुंदाबाईचं मनगट सोडलंच नव्हतं. रस्ता ओलांडतानाही नाही.

वर गेल्यावर कुंदाबाई भिंत पाहून क्षणभर दारातच उभी राहिली. मला वाटलं, ही आता पळणार. पण ती एकेक नाव वाचत पुढे गेली आणि स्वतःच्या नावापाशी थांबली.

"सिस्टर, मले दाढी काऊन?"

"ठसा एकच होता व माय."

कुंदाबाईनं आपल्या तोंडातली पट्टी वाचली. 'माही वेणी कापू नोको.' "हे मी म्हटलंतं?"

"हाव."

"अन् मंग?"

"कापली. कापा लागते."

कुंदाबाईनं आपल्या पाठीवरच्या वेणीला हात लावला. विरळ होती, पण होती. सिस्टरांनी भिंतीवरचा तो कागद काढला. इतक्या वर्षांच्या सरावाचे हात, पण चिकटपट्टी निघता निघेना. "जिवंत माणसाले इथं ठेवत नसतात," त्या पुटपुटल्या. कागदाची घडी करावी की फाडावा ते त्यांना सुचेना, शेवटी त्यांनी तो कुंदाबाईच्याच हातात दिला.

कुंदाबाई शेजारच्या कागदाकडे बघत होती. तिथं रेखाच्या पट्टीवर एकच शब्द होता, 'सिस्टर'.

"ही रेखा म्हणजे सहा नंबरची ना? माह्या बाजूच्या खाटेवरची?"

सिस्टर एकदम वळल्या. "तुले आठवते?"

"आठवत नाई कशी! तुमी लिवलं, ती 'सिस्टर' म्हणे. तुमच्या तोंडावर म्हणे जी सिस्टर." कुंदाबाईनं पदराआड तोंड लपवलं. "मांगून तुमाले बगळी म्हणे."

"काय म्हणे?"

"बगळी. डोळ्यावर पट्टी होती तिच्या, पण तुमच्या बुटाच्या आवाजावरून वळखे. 'चूप व कुंदे, बगळी आली' म्हणे. अन् तुमी गेल्या का तुमची नक्कल करे. 'हलायचं नाई, बोलायचं नाई, पाणी घोट घोट प्यायचं.' हुबेहूब जी! मले तं हासू आवरे नाई, अन् हासलं का कातडी ओढे. मी म्हणे, रेखे, नोको व हासवू, मरीन मी. थे म्हणे, मंग हासून मर, रडून कायले मरतं!"

मी सिस्टरांकडे पाहायचं टाळलं. भिंतीवर रेखा हात वर करून उभी होती. मग एक आवाज आला. आधी मला वाटलं सिस्टरांना ठसका लागला. त्या हसत होत्या. त्यांना हसायची सवय नव्हती, त्यामुळे ते हसणं अडखळत, मोडत, मध्येच श्वास घेत बाहेर येत होतं. कुंदाबाईही हसायला लागली. भिंतभर कागद फडफडत होते आणि त्यांच्यासमोर त्या दोघी डोळे पुसत हसत होत्या.

मी दाराबाहेर आलो, तर जिन्यात भोयर उभे होते. पांढरेफटक. "भाऊ, आता हासाले लागले का थे?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. त्यानंतर खोलीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, रडणाऱ्याले बाहेर काढता येते, हासणाऱ्याले कोण काढते?

मी पुन्हा आत डोकावलो तेव्हा हसणं थांबलं होतं. सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या होत्या.

"इतके वर्ष झाले," त्या कुंदाबाईला सांगत होत्या, "तिच्या घरचं कोणी आलं नाई, नाव विचाराले कोणी आलं नाई. कधी कधी मले शंका येऊन राह्यलती, का रेखा होती का माह्याच मनानं बनवली मीनं. कोणाले विचारू? ओळखणारी मी एकटीच."

"होती जी," कुंदाबाई म्हणाली. "लय आगाऊ होती."

खाली मेडिकलच्या वळणावर एक बस हॉर्न देत होती. कुंदाबाईनं खिडकीकडे पाहिलं, तिची सासू वार्डात एकटी होती. तिनं पिशवी उचलली. सिस्टरांनी ती तिच्या हातातून काढून घेतली, खाटेवर ठेवली, आणि खुर्ची ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"जाजो मंग. मी येतो तुह्या सासूपाशी बसाले," त्या म्हणाल्या. "आधी सांग. अजून काय काय म्हणे मले?"